दोन हजार रुपये आणि एक अट

नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिराची वास्तू आहे. तिथे जाणारा माणूस क्रांतिकारकांच्या गोष्टी ऐकायला जातो. शपथा, गुप्त बैठका, पिस्तुलं. त्या गोष्टीतलं एक पान मात्र सहसा भरभर उलटलं जातं, कारण ते दिसायला रुक्ष आहे. ते पान शिष्यवृत्तीच्या अर्जाचं.

भगूरला जन्मलेले, नाशिकच्या शाळेत शिकलेले आणि फर्ग्युसनमधून बी.ए. झालेले विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी मुंबईहून ‘पर्शिया’ बोटीने लंडनला निघाले, ते ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वर. रक्कम दोन हजार रुपये. शिफारस लोकमान्य टिळकांची आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांची. आणि अट एकच, पण जबर: शिकून आल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी, हुद्दा, पगार यातलं काहीही घ्यायचं नाही.

ही अट आज वाचताना तिची गंमत पटकन ध्यानात येत नाही. त्या काळी घरदार गहाण टाकून मुलाला विलायतेला पाठवत ते कशासाठी? आयसीएस होण्यासाठी. नाहीच जमलं तर बॅरिस्टर होऊन यायचं आणि सरकारदरबारी वजन मिळवायचं. विलायतेची वाट सरकारच्याच दारात संपायची. इथे एक माणूस म्हणत होता, वाटखर्च मी देतो, पण त्या दारात पाऊल टाकायचं नाही. परदेशी शिक्षणाच्या मदतीला अट असते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती अट म्हणजे पैसे देणाऱ्याच्या मनातला खरा मजकूर असतो, याकडे मात्र थोडेच लोक लक्ष देतात. आपण या प्रकरणात शिष्यवृत्त्यांची यादी करणार नाही, त्यांच्या अटी वाचणार आहोत.

पैसे देणारे दोघे होते. पहिले श्यामजी कृष्णवर्मा. मूळचे कच्छमधल्या मांडवीचे, संस्कृतचे पंडित. ऑक्सफर्डला मोनिअर विल्यम्स यांचे साहाय्यक म्हणून गेले आणि तिथल्या बेलियल कॉलेजची पदवी घेऊन बॅरिस्टरही झाले. पुढे काही संस्थानांत दिवाणगिरी केली, पैसा गाठीला बांधला आणि लंडनला जाऊन राहिले. तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर हे त्यांचं दैवत. डिसेंबर १९०३ मध्ये स्पेन्सर वारले, तेव्हा अंत्यविधीच्या ठिकाणीच श्यामजींनी ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या नावाची व्याख्यानं सुरू करण्यासाठी हजार पौंड जाहीर केले. हिंदुस्थानातल्या माणसाने ऑक्सफर्डला देणगी द्यायची, ही उलटी गंगा. ऑक्सफर्डने ती घेतली आणि १९०५ पासून व्याख्यानं सुरूही झाली. त्याच सुमारास त्यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी स्पेन्सर यांच्या नावाने शिष्यवृत्त्या काढल्या आणि वर सांगितलेली अट घातली.

दुसरे सरदारसिंह राणा. काठेवाडातल्या लिंबडीचे, पॅरिसमध्ये मोत्यांचा व्यापार करणारे. त्यांनी दोन-दोन हजारांच्या आणखी तीन शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. नावं दिली राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांची. ही तीन नावं एका ओळीत बसवायला राणांना काही अडचण वाटली नाही, हे आज वाचताना मला दरवेळी थबकायला होतं. त्यातली शिवाजींच्या नावाची नाशिकला आली.

आता पैशाचा हिशेब. रुपयाचा भाव १८९८ पासून एक शिलिंग चार पेन्सवर बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये. दोन हजार रुपयांचे झाले सुमारे १३३ पौंड. लंडनमध्ये काही वर्षं राहून ग्रेज इनमधून बॅरिस्टर व्हायला ते पुरणारे नव्हते. बाकीचा भार सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी उचलला. ते जव्हार संस्थानात अधिकारी होते. म्हणजे त्र्यंबकच्या पलीकडल्या एका छोट्या संस्थानातला पगार, पॅरिसच्या मोत्यांचा नफा आणि पुण्याच्या दोन संपादकांचा शब्द, अशा तिघांच्या जोरावर ही एक जागा भरली गेली. ‘फुल स्कॉलरशिप’ ही तेव्हाही दुर्मीळच होती, घरच्यांना हात लावावाच लागे.

राहण्याची सोय श्यामजींनी केली होती. हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे घर घेऊन त्यांनी सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. १ जुलै १९०५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. हेच इंडिया हाउस. लंडनमध्ये काळ्या माणसाला खोली मिळणं अवघड, मिळालीच तर जेवणाचे हाल. वसतिगृह ही म्हणूनच शिष्यवृत्तीची दुसरी बाजू. ती नसेल तर नुसते पैसे घेऊन मुलगा परक्या शहरात एकटा पडतो.

इंग्रज सरकारला हे कळायला वेळ लागला नाही. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या परिस्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर, हे मुंबई इलाख्यात आयुष्य काढलेले मुलकी अधिकारी. सदस्यांत एक नाव सर विल्यम कर्झन वायली यांचं. समितीचा अहवाल सरकारने बरीच वर्षं दाबून ठेवला, तो छापून आला थेट १९२२ मध्ये. १ जुलै १९०९ रोजी, इंडिया हाउसच्या उद्घाटनाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मदनलाल धिंग्रा यांनी वायलींना गोळ्या घातल्या. विद्यार्थ्यांची चौकशी करणारा माणूस विद्यार्थ्याच्याच हातून मेला. त्याच वर्षी सरकारने हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनमध्ये माहिती कार्यालय आणि शैक्षणिक सल्लागार नेमला. मार्गदर्शन आणि पाळत एकाच टेबलावरून चालायची. परदेशी विद्यार्थ्यांसाठी आज प्रत्येक विद्यापीठात जो विभाग असतो, त्याचा हा एक पूर्वज, आणि तो फारसा निरागस नव्हता.

सावरकरांचं शिक्षण कुठवर आलं? परीक्षा झाल्या, पण १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद द्यायला नकार दिला. त्याच साली २१ डिसेंबरला इकडे नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांची अनंत कान्हेरे यांनी हत्या केली, आणि १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावरचे वादही. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने एवढंच म्हणता येईल की सरकारी नोकरी न करण्याची अट इतक्या काटेकोरपणे पाळलेला दुसरा विद्यार्थी श्यामजींनाही मिळाला नसेल.

त्या काळच्या बाकीच्या अटी थोडक्यात पाहू. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. सरकारी शिष्यवृत्ती असूनही ते सरकारी खात्यात गेले नाहीत, कारण त्यांच्यावर दुसरी अट होती आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःवर घातली होती: डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सेवा. केंब्रिजचा पहिला नंबर घेऊन आलेला माणूस फर्ग्युसनमध्ये महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवायला उभा राहिला. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढलेल्या निधीची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांनी दान दिलं नाही, कर्ज दिलं. मिळवते व्हा आणि परत करा, म्हणजे पुढच्याला देता येईल. पहिल्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर बाया होत्या. १८९२ साली परदेशी शिक्षणाचा पैसा आधी बायकांच्या हातात ठेवणारा निधी, हे विसरण्यासारखं नाही. तो निधी आजही चालू आहे आणि आजही तो कर्जच देतो.

यानंतर येतो तो करार, ज्यावर खरं तर स्वतंत्र पुस्तक व्हावं.

४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. संस्थान त्यांना तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड देणार. बदल्यात शिकून आल्यावर त्यांनी दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. साडेअकरा पौंड म्हणजे त्या भावाने १७२ रुपये आठ आणे, आणि अमेरिकेत उतरल्यावर सुमारे छप्पन्न डॉलर. यातून न्यूयॉर्कचं राहणं, जेवण, पुस्तकं आणि घरी पाठवायचे पैसे. वर्षाचे होतात १३८ पौंड. सात वर्षांपूर्वी सावरकरांना जेवढी रक्कम एकदाच मिळाली, साधारण तेवढी आंबेडकरांना दरवर्षी मिळत होती. तरी भागवताना पुरेवाट झाली असणार, हे आकडेच सांगतात.

कोलंबियात १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो निबंध आपण पुढे पुन्हा गाठणार आहोत, म्हणून लक्षात ठेवावा. मग लंडन, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि तेच ग्रेज इन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि करारानुसार ते बडोद्यात हजर झाले.

पुढे जे घडलं ते मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतं, पण करार म्हणून क्वचितच वाचलं जातं. संस्थानाने परदेशी शिक्षणाचा खर्च केला, हुद्दा दिला. पण बडोदा शहरात राहायला खोली कोण देणार, हे करारात नव्हतं. शिपाई फायली हातात न देता टेबलावर टाकणार नाहीत, हेही नव्हतं. नाव लपवून पारशी धर्मशाळेत काढलेले काही दिवस, मग लाठ्या घेऊन आलेला जमाव, आणि मग मुंबईची गाडी. दहा वर्षांची अट काही दिवसांत मोडली, आणि ती मोडणारा विद्यार्थी नव्हता. बंधपत्रावर एकाच बाजूची जबाबदारी लिहिलेली असते, दुसरी बाजू गृहीत धरलेली असते. ती बाजू कोरी राहिली की काय होतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

१९२० मध्ये ते लंडनला परत गेले, तेव्हा कोणतीही अट त्यांच्यावर नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढी शिदोरी. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न. पौंडाला पंधरा रुपये हा भाव ज्या विद्यार्थ्याने पोटाला चिमटा घेऊन अनुभवला, त्यानेच त्याचं अर्थशास्त्र लिहिलं. आज ज्यांच्या मुलाचं कर्ज रुपयात आणि फी डॉलरमध्ये आहे, त्यांना हा प्रबंध न वाचताही थोडासा समजतो.

नाशिकशी आंबेडकरांचं नातं नंतरचं. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. अमेरिका आणि इंग्लंडच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर पंचवटीत देवळाच्या बंद दाराबाहेर उभा होता. (त्याच महिन्याच्या ३० तारखेला श्यामजी कृष्णवर्मा जिनिव्हात वारले. आपल्या अस्थी शंभर वर्षं जपून ठेवाव्यात असा करार त्यांनी तिथे पैसे भरून करून ठेवला होता. त्या अस्थी २००३ मध्ये भारतात आल्या. मेल्यानंतरसुद्धा करारावर विश्वास ठेवणारा माणूस.) आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये आंबेडकरांनी सरकारला एक निवेदन दिलं. अस्पृश्य विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी, आणि परदेशी पाठवण्यासाठीही, सरकारने पैसे द्यावेत ही त्यातली एक मागणी. त्यांचा भर विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर होता, कारण वकील होणं गरिबालाही जमू शकतं, प्रयोगशाळा मात्र परवडत नाही. स्वतंत्र भारताची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ १९५४-५५ मध्ये सुरू झाली, ती याच वाटेवरून. अलीकडच्या नियमांत तिच्या १२५ जागा आहेत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, वय पस्तिसाच्या आत, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी वर्षाला १५,४०० डॉलर.

याच योजनेच्या नियमांत २०२२ मध्ये एक नवी ओळ आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास, या विषयांवर परदेशात शिकायचं असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारचं म्हणणं असं की या विषयांची साधनसामग्री आणि जाणकार इथेच आहेत, त्यासाठी परदेशी कशाला जायचं. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण आता मे १९१६ चा तो निबंध आठवा. भारतातल्या जातींवर, न्यूयॉर्कमध्ये, परदेशी शिष्यवृत्तीवर लिहिलेला. या ओळीच्या चाळणीतून तो खाली पडला असता. बडोद्याच्या महाराजांनी दहा वर्षांची नोकरी मागितली, पण त्यामुळे जातींवर निबंध वाचायला आडकाठी आली नाही. मला विचाराल तर नोकरीची अट जाचक असेल, विषयाची अट त्याहून जाचक आहे. पहिली माणसाची वर्षं मागते, दुसरी त्याचा प्रश्नच काढून घेते.

आता पुन्हा नाशिक, आजचं. जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकात आदिवासी विकास भवन आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय मुंबईत नाही, पुण्यात नाही, ते इथे आहे. त्यामुळे धडगावचा असो की गडचिरोलीचा, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला राज्याची परदेशी शिष्यवृत्ती हवी असेल तर त्याचा कागद या इमारतीशी येऊन जुळतो. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुलांना तेवढा एसटीचा प्रवास कमी. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, तिचा कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. इतर मागास, भटके-विमुक्त, मराठा, अल्पसंख्याक यांच्यासाठीही निरनिराळ्या विभागांच्या आणि संस्थांच्या योजना निघाल्या. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान, फीची कमाल रक्कम हे आकडे शासन निर्णयागणिक बदलतात. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय लागलं, यावर विसंबू नये. त्या वर्षीची जाहिरात आणि त्या वर्षीचा जीआर, दोन्ही हातात घेऊन बसावं.

खरी मेख वेळापत्रकात आहे. अमेरिका-इंग्लंडची चांगली विद्यापीठं सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या डिसेंबर-जानेवारीत अर्ज घेतात. आपल्याकडची जाहिरात बहुधा उन्हाळ्यात किंवा त्याच्याही नंतर येते. अर्जाला लागतं ‘अनकंडिशनल ऑफर लेटर’. विद्यापीठ ते देतं तेव्हा इंग्रजीची परीक्षा, अंतिम निकाल, कधी कधी डिपॉझिट, सगळं आधीच झालेलं असावं लागतं. म्हणजे शिष्यवृत्ती मिळेल की नाही हे कळायच्या आधी अर्जाची फी, परीक्षेची फी, डिपॉझिट हे पैसे खिशातून गेलेले असतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून योजना, त्यानेच आधी पैसे घालायचे. त्यामुळे तयारी दीड वर्ष आधी सुरू करणं, हा इथे सल्ला नसून हिशेब आहे. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, ते बारावीनंतर इंजिनिअरिंगला काढलेलं असेल तर नशीब. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा. पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव यांत आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून अडलेली फाइल मी पाहिली आहे.

आणि दोन जामीनदार. मुलगा अर्ध्यावर शिक्षण सोडून आला, तर पैसे भरायची हमी घेणारे. नाशिक शहरात मामा-काका सापडतात. पाड्यावरून पहिल्यांदाच कुणी बाहेर पडतंय, तिथे लाखो रुपयांच्या कागदावर सही करणारा माणूस शोधणं ही विद्यापीठाच्या प्रवेशापेक्षा मोठी परीक्षा ठरते. बहुतेक वेळा शाळेतले किंवा आश्रमशाळेतले एखादे गुरुजी उभे राहतात.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर बँक. द्राक्षबागा आणि कांद्यावर चाललेल्या या जिल्ह्यात तिथे एक वेगळाच पेच आहे. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन सहसा घेत नाही. निफाडला सहा एकर बाग असलेल्या माणसाकडे बँकेच्या लेखी काहीच नसतं आणि सिडकोत दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला लायक ठरतो. सातबारा घेऊन गेलेले वडील हात हलवत परत येतात. म्हणून अलीकडे जर्मनीकडे ओढा आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावे लागतात (हा २०२४ मध्ये ठरलेला आकडा). ते तुमचेच, दरमहा ९९२ याप्रमाणे तुम्हालाच मिळणार. तरी आधी दाखवायचे आहेत.

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्याही अटींना अपवाद नाहीत. ब्रिटनची चेव्हनिंग घेतली तर शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अमेरिकेच्या फुलब्राइटवर गेलेल्यालाही दोन वर्षं परत यावं लागतं, त्याआधी तिथला कायमचा परवाना मागता येत नाही. श्यामजी म्हणत होते सरकारकडे जाऊ नका, बडोदा म्हणत होतं आमच्याकडे या, टाटा म्हणतात पैसे परत करा, हे म्हणतात तुम्ही स्वतः परत जा.

बंधपत्र हातात आलं की रकमेच्या आधी चार गोष्टी वाचाव्यात. परत येण्याची मुदत पदवी मिळाल्यापासून मोजतात की व्हिसा संपल्यापासून. मध्येच विषय किंवा गाइड बदलला तर काय होतं. आजारपणात एक सत्र गेलं तर ते ‘शिक्षण सोडलं’ यात धरतात का. आणि फी दरवर्षी वाढते, तो फरक कोण भरणार. या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मागावीत. कार्यालयात ती विचारणारी मुलं कमी असतात, आणि जी विचारतात त्यांच्याकडे टेबलापलीकडचा माणूस आधी जरा त्रासून बघतो, मग फाइल उघडतो.